पाण्यातला जवळा पाहायचा असेल तर: भरतीत वावरणारे बारीक कवचधारी शोधण्याची रीत

जवळा, म्हणजे कोळंबीसारखा दिसणारा बारीक कवचधारी जीव, खाल्ला नाही असं घर आमच्या वसई तालुक्यात शोधून सापडायचं नाही. ओला असेल तर कांद्यावर परतलेला, सुका असेल तर वांग्यात नाहीतर चटणीत. पण पाण्यात पोहणारा जवळा पाहिलेला माणूस कोळीवाड्याबाहेर क्वचितच भेटतो. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. कवचधारी प्राण्यांचा धडा आला की मुलांना आधी अर्नाळ्याच्या नाहीतर नायगावच्या पाण्याकडे नेते, पुस्तक मग उघडते. कोळंबी आणि खेकडा हे या घराण्यातले थोरले. त्यांच्यामागे एक-दोन मिलिमीटरचे, कधी त्याहूनही लहान असे असंख्य धाकटे आहेत, आणि समुद्रातल्या बहुतेक मासळीचं लहानपण याच धाकट्यांवर पोसलं जातं.

त्यांना पाहायचं कसं, ते इथे सांगते. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: त्यांना जिवंत पाहा, आणि आधी चाल ओळखा, पाय मग मोजा. फॉर्मलिनच्या बाटलीत सगळेच पांढुरके, पाय मिटलेले आणि निपचित असतात. पाण्यात मात्र कुणी टुणकन उडी मारतो, कुणी सरळ सरकत जातो, कुणी कुशीवर पडून गोल फिरतो. ही चाल एकदा डोळ्यांत बसली की भिंग हातात घेण्याआधीच अर्धी ओळख पटलेली असते.

आधी तिथी, मग जाळं

भरतीचं वेळापत्रक आता मोबाइलवर मिळतं. तरी तिथीचा हिशेब यायला हवा, कारण जेट्टीवर रेंज नसली तरी तो चालतो. तिथीची पाऊणपट करा, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती साडेअकरा-बाराच्या आसपास लागते, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. हा अंदाज मुंबई-वसईच्या किनाऱ्याचा आहे. रत्नागिरी-मालवणकडे पाणी थोडं आधी चढतं.

जाळ्यासाठी आणि खडकांसाठी वेगवेगळे दिवस निवडा. खडकावरचे प्राणी पाहायचे तर उधाण, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती-ओहोटी हवी, पाणी जितकं खाली जाईल तितकं बरं. जाळं टाकायचं असेल तर मात्र मी अष्टमी-नवमीची संध्याकाळ धरते. तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, ओढ कमी असते, खाडीतला गाळ कमी ढवळलेला असतो आणि भरती नेमकी दिवेलागणीला पूर्ण होते. यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. या बारीक प्राण्यांपैकी पुष्कळसे दिवसा खालच्या थरात राहतात आणि अंधार पडला की वर येतात. उजेडात त्यांना मासे टिपतात, म्हणून ते अंधाराच्या आडोशाने वर येऊन चरतात. त्याच जेट्टीवर दुपारी चारला आणि रात्री आठला जाळं टाकून पाहा, दोन बाटल्यांतला फरक कुणी सांगावा लागत नाही.

उत्तम हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर खडकांवर आणि उघड्या जेट्टीवर अजिबात जाऊ नका. एरवीही उधाणाच्या दिवशी आमच्याकडे भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, आणि पाणी परतायला लागलं की खडकांच्या मधल्या खाचा आधी भरतात, म्हणजे मागची वाट बंद होते. पाणी वळायच्या अर्धा तास आधी किनाऱ्याकडे निघायचं, हा नियम मुलांना मी पाठ करायला लावते.

जाळं घरी करता येतं

स्क्रीन प्रिंटिंगच्या सामानाच्या दुकानात नायलॉनचं जाळीदार कापड मीटरवर मिळतं. दुकानदाराचे नंबर समजले नाहीत तरी अडत नाही. भिंगाखाली पट्टी धरून एका सेंटिमीटरमधले धागे मोजा. तीसच्या आसपास धागे असतील तर भोक पाव मिलिमीटरच्या आतबाहेर पडतं, आणि आपल्याला तेवढंच हवं. त्याहून बारीक कापड आमच्या खाडीच्या गढूळ पाण्यात मिनिटभरात तुंबतं. त्याहून मोठ्या भोकातून पिल्लं निसटतात. १९६५ साली संपलेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत सगळ्या देशांच्या जहाजांसाठी जे एकसारखं जाळं ठरवलं होतं, त्याचं भोक ०.३३ मिलिमीटर होतं. त्या मोहिमेच्या पाठोपाठ, १९६६ साली, आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, ती आज गोव्यात दोनापावलाला आहे. म्हणजे आपलं घरगुती जाळं अगदीच बिनहिशेबी नाही.

जाड जीआय तारेची तीस सेंटिमीटर व्यासाची कडी करा. कापडाचा शंकू मीटरभर लांबीचा शिवा. तोंडाच्या तिप्पट लांबी हवीच, नाहीतर पाणी आत शिरायच्या ऐवजी तोंडावरूनच उलटतं. शिवण दुहेरी घाला आणि कापडाची कड आतल्या बाजूला राहू देऊ नका, कारण त्या दुमडीत प्राणी अडकून मरतात. शंकूच्या टोकाला रुंद तोंडाची प्लास्टिकची बाटली नळाच्या क्लिपने घट्ट बसवा. कडीला तीन दोऱ्या सारख्या अंतरावर बांधून त्या एकत्र आणा आणि तिथून पुढे एकच दोर. कडीच्या खालच्या बाजूला दगड बांधला की जाळं पाण्यात नीट बुडतं.

भरतीच्या ओढीत जेट्टीवरून जाळं नुसतं सोडून धरलं तरी पुरे. तीस सेंटिमीटरच्या तोंडातून, सेकंदाला अर्धा मीटर अशा ओढीत, शंभर सेकंदांत साडेतीन हजार लिटर पाणी जाऊ शकतं. प्रत्यक्षात कापड तुंबत जातं, म्हणून थोडं कमीच समजा. आमच्या खाडीत मी दोन-तीन मिनिटांवर जाळं ठेवत नाही. वर काढल्यावर बाहेरून, पुन्हा सांगते, बाहेरून समुद्राचंच पाणी ओतून कापडाला चिकटलेले जीव बाटलीत उतरवा. नळाचं पाणी एक थेंबही नको. गोड्या पाण्यात यातले बहुतेक प्राणी फुगून मरतात.

आता बाटलीतला माल मोठ्या डब्यात ओता आणि त्यात आणखी समुद्राचं पाणी घाला. गर्दी झाली की हवा अर्ध्या तासात संपते. त्यात जेलीचे पारदर्शक गोळे दिसले तर चमच्याने आधी बाहेर काढा, ते शेजाऱ्यांना खातात. डब्यावर ओलं फडकं गुंडाळा, सावलीत ठेवा आणि त्याच संध्याकाळी पाहा. उद्यावर टाकलंत तर पाहायला काही उरत नाही.

उजेड बाजूने हवा

घरात पाहायची मांडणी सोपी आहे. काचेचा उभा, सपाट बाजूंचा ग्लास, मागे काळा कागद, आणि टॉर्च समोरून नाही, वरूनही नाही, बाजूने. पारदर्शक शरीराच्या कडा तेव्हाच उजळतात. खोलीतला दिवा बंद करा.

टॉर्चने आणखी एक काम होतं. डब्याला चारी बाजूंनी काळा कागद लावून एका कोपऱ्यात रुपयाएवढी खिडकी ठेवा आणि तिथे टॉर्च धरा. पुष्कळ डिंभ (अंड्यातून निघालेली बारीक पिल्लं) आणि छोटे प्राणी उजेडाकडे ओढले जातात. दहा मिनिटांत खिडकीपाशी ढग जमतो, ड्रॉपरने तिथलं पाणी उचललं की गाळ मागे राहतो आणि प्राणी हाती येतात.

भिंग दहापटीचं पुरतं. शाळेत विच्छेदनाचा सूक्ष्मदर्शक असेल तर त्याला तोड नाही. कागदाचा फोल्डस्कोप १४० पट मोठं दाखवतो, पण त्यात पळणारा प्राणी धरून ठेवता येत नाही. त्यासाठी एक युक्ती: घड्याळकाचेत (उथळ वाटीसारख्या काचेत) पाच-सहा थेंब पाणी घ्या आणि त्यात पिण्याच्या साध्या सोड्याचा (सोडा वॉटरचा) एक थेंब सोडा. सोड्यातल्या कार्बन डायऑक्साइडने प्राणी सुस्तावतो, पाय हलत राहतात पण उड्या थांबतात. काम झालं की लगेच ताज्या समुद्राच्या पाण्यात सोडा, बहुतेक सावरतात.

कोण कसं चालतं

ग्लासात सगळ्यात जास्त दिसतील ते कोपेपॉड. खुल्या पाण्यातून काढलेल्या अशा नमुन्यात अर्ध्याहून जास्त तेच असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे. आकार मिलिमीटरभर, तांदळाच्या कणीहून लहान. चाल अशी: क्षणभर पाण्यात तरंगत थांबायचं, मग झटक्यात नाहीसं व्हायचं आणि बोटभर अंतरावर पुन्हा दिसायचं. मध्ये पोहणं डोळ्याला दिसतच नाही. धोक्याच्या वेळची त्यांची उडी शरीराच्या लांबीच्या काहीशे पट अंतर सेकंदाला कापेल इतक्या वेगाची असते. इतक्या लहान शरीराला पाणी आपल्याला लागतं तसं पातळ लागत नाही. काकवीत हात चालवावा तसं ते त्यांना घट्ट लागतं. हात थांबला की शरीरही तिथल्या तिथे थांबतं, पुढे घसरत जात नाही. म्हणूनच ती उडी-थांबा, उडी-थांबा अशी तुटक चाल.

सुस्तावलेला एखादा भिंगाखाली घ्या. कपाळाच्या मधोमध एकच लाल डोळा, आणि शरीराच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या लांब मिशा. काही जातींत मिशांवरचे केस इतके संवेदनशील असतात की जवळ येणाऱ्या पिल्लू माशाने ढकललेलं पाणी त्यांना आधी जाणवतं. तोंडापाशी लहान पायांची सतत थरथर दिसेल. त्याने प्राणी पाणी स्वतःकडे ओढतो आणि त्यातली एकपेशीय शेवाळं निवडून घेतो. नुसतं गाळून सगळं गिळत नाही, आवडनिवड असते. ऑइथोना या कोपेपॉडची मादी सापडली तर नशीब समजा. शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांची एकेक पिशवी लटकलेली असते आणि आतली अंडी मोजता येतात. एकच पिशवी मधोमध असेल तर तो वेगळ्या गटाचा.

त्यातच याहून लहान, टोकदार, तीन जोड्या पायांनी अडखळत पोहणारे ठिपके दिसतील. हे नॉप्लियस, म्हणजे नुकते अंड्यातून निघालेले डिंभ. गंमत अशी की कोपेपॉड, खडकाला चिकटून राहणारा बार्नकल आणि जवळा या तिघांचीही सुरुवात याच रूपात होते. बार्नकलचा डिंभ ओळखायला सोपा: डोक्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांवर दोन शिंगं असतात. शिंगं दिसली की वाद संपला.

डोक्यावर लांब काटा, तोंडापुढे दुसरा काटा आणि दोन मोठे काळेभोर डोळे घेऊन वेडीवाकडी लोळण घेणारा प्राणी म्हणजे खेकड्याचं पिल्लू, झोइया. ते खेकड्याचं आहे हे कळायलाही एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. जॉन व्हॉन थॉम्पसन नावाच्या लष्करी डॉक्टरने आयर्लंडमधल्या कॉर्कच्या बंदरात जाळं टाकून झोइया पकडले आणि पाळून दाखवले. तोवर तो निराळाच प्राणी समजला जाई. खाडीतल्या पुष्कळ खेकडिणी उधाणाच्या रात्री पिल्लं सोडतात, म्हणजे ओसरत्या पाण्याबरोबर ती उघड्या समुद्रात जातात. म्हणून झोइया बघायचे असतील तर भांगाचा माझा नियम मोडा आणि पौर्णिमा-अमावास्येनंतर, ओहोटी लागताना जाळं टाका.

कुणी न हलता, सरळ, जवळजवळ अदृश्य अशी काडी तरंगताना दिसली, आणि तिच्या एका टोकाला लांब मानेवर दोन डोळे असले, तर तो लूसिफर. सेंटिमीटरभर लांब, इतका पारदर्शक की बाजूच्या उजेडाशिवाय सापडतच नाही. मादी अंडी पायांना चिकटवून फिरते. जवळ्याचा हा लांबचा नातलग मुलांना सगळ्यात जास्त आवडतो, आणि मलाही.

शेवटी मायसिड. दिसायला कोळंबीचं पिल्लू, पण पाण्यात एका जागी स्थिर राहून प्रवाहाकडे तोंड करून थांबतो, आणि थवा असेल तर सगळे एकाच दिशेला. खात्री हवी असेल तर शेपटीच्या पात्यांत पाहा. दोन गोल, चमकते मणी दिसतील. तो तोल सांभाळण्याचा अवयव. कोळंबीच्या पिल्लाला शेपटीत तो नसतो. मादीच्या छातीखाली पिशवी असते आणि पिल्लं तिच्यातच वाढतात.

जवळा: बाजारातून थाळीत

जाळ्यात जवळा आला तर उत्तम. बाटलीत तो मागच्या दिशेने उसळी मारतो, मग मिशा मागे टाकून सावकाश पुढे पोहतो. नाही आला तर सकाळी लवकर मच्छी बाजारात जा. “मावशी, आजच्या डोलीचा आहे ना?” असं विचारा, आणि विचारायच्या आधी स्वतः पाहा. ताजा जवळा पारदर्शक असतो, डोळे काळे चकचकीत. शिळा झाला की तो अपारदर्शक, लालसर पडतो आणि नाकाला झोंबतो. एक वाटा घ्या.

वसई, अर्नाळा, उत्तन, वर्सोवा या सगळ्या पट्ट्यात जवळा डोल जाळ्याला लागतो. डोल ही मोठी पिशवी. भरती-ओहोटीच्या ओढीपुढे तोंड करून ती समुद्रात रोवलेल्या आधाराला बांधतात, पाणी स्वतःच मासळी आत आणतं. जवळा ओढीविरुद्ध पोहू शकत नाही, म्हणून त्याच्यासाठी हीच पद्धत चालते. आपण जेट्टीवरून जे जाळं सोडलं, ते डोलीचंच छोटं रूप आहे.

घरी पांढऱ्या थाळीत पाणी घालून वाटा पसरा आणि चिमट्याने निवडायला बसा. हा माझ्या वर्गातला सगळ्यात चांगला तास होतो. जवळ्याची ओळख पायांवरून पटते: चालायच्या बारीक पायांच्या फक्त तीन जोड्या. चौथी आणि पाचवी जोडी त्याला नसतेच. कोळंबी कितीही लहान असली तरी तिच्या पाच जोड्या असतात. कपाळावरचा काटा जवळ्याला अगदी आखूड, करंदी-कोळंबीला लांब, करवतीसारख्या दातांचा. शेपटीच्या पात्यांच्या मुळाशी लालसर ठिपका पाहा. मिशी शरीरापेक्षा लांब असते, आणि थोड्या अंतरावर तिला कोपरासारखा बाक असतो. आमच्या किनाऱ्यावरची मुख्य जात असेटिस इंडिकस. मादी चार सेंटिमीटरपर्यंत वाढते, नर लहान. नराच्या आखूड मिशीला आकडा असतो, समागमाच्या वेळी मादीला धरण्यासाठी.

त्याच वाट्यात अंबाड, हा बारीक कोळंबीचा एक प्रकार, सापडेल. त्याचे मागचे पाय केसाएवढे बारीक आणि अतिशय लांब, कपाळावरचा काटा वर वळलेला. हंगामात अंबाडाच्या मादीच्या पोटाखाली अंड्यांचा घोस दिसतो. जवळ्याच्या मादीला असा घोस कधीच दिसणार नाही, कारण ती अंडी थेट पाण्यात सोडते. एकाच थाळीत दोन वेगळ्या रीती दिसतात: एक थोडी अंडी घेऊन जपणारी, दुसरी पुष्कळ सोडून मोकळी होणारी.

आणि मग उरलेलं पाहा. कोळंबीची, बोंबलाची, मांदेलीची, ढोम्याची पिल्लं. डोलीच्या शेवटच्या भागाची भोकं जवळा अडावा इतकी बारीक असतात, त्यामुळे त्याच मापाचं जे काही ओढीत येतं ते सगळं येतं. थाळीच्या एका बाजूला ही पिल्लं वेगळी काढा आणि वजन करा. मला हे आकडे वहीत लिहिताना दरवेळी वाईट वाटतं. जवळ्याचं आयुष्य जेमतेम काही महिन्यांचं, तो भराभर वाढतो आणि परत येतो. बोंबलाच्या पिल्लाचं तसं नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, ती या पिल्लांना वाढायला वेळ मिळावा म्हणूनच. त्या दोन महिन्यांत बारीक पिल्लं विकत घेऊ नयेत, असं मी उघड सांगते.

बोंबील आणलेच असतील तर साफ करताना एकाचं पोट नीट चिरा. आत जवळा मिळण्याची शक्यता खूप आहे, कधी त्याच्याच जातीचं पिल्लूही. कोपेपॉड आणि शेवाळ खाऊन जवळा वाढतो, जवळ्यावर बोंबील. हे पुस्तकात बाण काढून शिकवण्यापेक्षा ओट्यावर दाखवलेलं मुलं विसरत नाहीत.

पायांनी जेवणारा

जेट्टीच्या खांबांवर आणि खडकांवर पांढुरके, करकरीत, पायाला कापणारे सुळके असतात. ते बार्नकल. पुष्कळ लोक त्यांना शिंपल्याचा प्रकार समजतात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत शास्त्रज्ञही तसंच समजत होते. याच थॉम्पसनने १८३०च्या सुमारास त्यांचे डिंभ पाहून ते कवचधारी असल्याचं दाखवलं. चार्ल्स डार्विनने पुढे १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं या एका गटावर घालवली.

बार्नकल लागलेला मुठीएवढा सुटा दगड ओहोटीत उचला. खांबावरून खरवडू नका, खरवडलेला मरतो. दगड उभ्या ग्लासात समुद्राच्या पाण्यात ठेवा, मागे काळा कागद, बाजूने मंद उजेड, आणि ग्लासाला हात न लावता बसा. काही मिनिटं काही घडत नाही. मग वरच्या झाकणाची फट उघडते, आतून राखाडी पिसासारखा पंजा बाहेर येतो, पाण्यात एक झडप घालतो आणि आत जातो. पुन्हा बाहेर, पुन्हा आत, ठरावीक ठेक्यात. हा पंजा म्हणजे त्याचे सहा जोड्या पाय. हा प्राणी डोक्याने दगडाला चिकटून, पाय वर करून आयुष्य काढतो आणि पायांनीच जेवतो. ग्लासात आपल्या जाळ्यातलं थोडं पाणी सोडा, पंजाचा ठेका वाढलेला दिसेल. ग्लासावरून हाताची सावली फिरवा, सगळे एकदम मिटतील.

दगडावर ते एकमेकांना खेटून का असतात, तेही पाहण्यासारखं आहे. डिंभ शेवटच्या अवस्थेत काहीच खात नाही, फक्त जागा शोधतो. मिशांनी पृष्ठभाग चाचपतो आणि आपल्या जातीच्या मोठ्यांचा वास लागला की तिथेच सिमेंट सोडून चिकटतो. पुढे जागा बदलता येत नाही. बहुतेक बार्नकल नर-मादी दोन्ही असतात, तरी संतती शेजाऱ्यापासून होते, आणि त्यासाठी त्यांचं नर-इंद्रिय शरीराच्या कित्येक पट लांब असतं. शेजारी त्या टप्प्यात हवा, म्हणून ही दाटी.

जाळ्याशिवाय दिसणारे

रात्री वाळूवर वाहून आलेला शेवाळाचा ढीग उचला. खालून शेकडो उडवे टणाटण उडतात. हे अँफिपॉड. अंग दोन्ही बाजूंनी चपटं, म्हणून थाळीत ठेवले की कुशीवर पडतात. कुजकं शेवाळ खाऊन ते किनारा साफ करतात आणि पक्ष्यांचं खाद्य होतात. ढीग पाहून झाला की जसा होता तसा परत ठेवा.

बंदराच्या भिंतीवर पावलाच्या आवाजाने पळत सुटणारं, लोक ज्याला झुरळ म्हणून झटकतात, ते लिगिया, आयसोपॉड गटातलं. वरून खाली चपटं, पायांच्या सात सारख्या जोड्या. झुरळाला तीनच असतात, तेवढं मोजलं तरी पुरे. त्याच गटातला एक आयसोपॉड तुमच्या स्वयंपाकघरातही येऊ शकतो. हलवा मासा साफ करताना त्याचं तोंड उघडून आत पाहा. कधीकधी जिभेवर एक मोठा, पिवळट, कण्यांसारख्या पट्ट्यांचा प्राणी बसलेला सापडतो. हा सायमोथोआ. तो माशावर जगतो, आधी नर असतो आणि पुढे मादी होतो. माणसाला त्याचा त्रास नाही, काढून टाका आणि मासा खा.

परतीचं काम

मालवणचं सागरी अभयारण्य आणि ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य इथे वन खात्याच्या परवानगीशिवाय काहीही गोळा करू नका. इतरत्रही पाहून झालेलं पाणी त्याच रात्री, त्याच जागी सोडा. एका खाडीतलं दुसऱ्या खाडीत तर अजिबात नको. घरी ठेवायचा मोह होईल, पण कोपेपॉड बादलीत टिकत नाहीत.

वहीत पाच गोष्टी लिहा: तिथी, भरतीची वेळ, जाळं किती मिनिटं पाण्यात होतं, पाणी गढूळ की स्वच्छ, आणि कोण किती दिसले. “पुष्कळ” लिहू नका. ड्रॉपरचे वीस थेंब घड्याळकाचेत मोजून घ्या आणि त्यातले कोपेपॉड, झोइया, शिंगवाले डिंभ वेगवेगळे मोजा. एकाच खांबापाशी, पावसाळ्याचे महिने सोडून, दर महिन्याच्या त्याच तिथीला केलेली मोजणी वर्षभरात खूप बोलायला लागते: पावसानंतर खाडीचं पाणी गोडावतं तेव्हा कोण गायब होतं, दसऱ्याच्या सुमारास कोण परततं, बार्नकलचे डिंभ कधी लोटतात.

जाळं गोड्या पाण्यात धुवा, उलटं करून सावलीत वाळवा. उन्हात नायलॉन ठिसूळ होतं आणि पहिल्या ओढीतच शिवणीपाशी फाटतं.